मिकुमाचे दोन महिने

निंबा आबा आमच्या धुळ्याच्या वाचनालयात यायचे ते फक्त लढाऊ जहाजांची चित्रं बघायला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्यावर, ग्रंथपालावर. मी वैतागायचो. नरडाण्याकडच्या, कापूस पिकवणाऱ्या म्हाताऱ्याचं जपानी क्रूझरांवाचून काय अडलं होतं?

एके दिवशी त्यांनी एका चित्रावर बोट ठेवलं. पुढे तीन तोफा, मागे दोन. "भाऊ, हाईच शे."

मग सगळं बाहेर आलं. एप्रिल १९४२. आबा आणि त्यांचे थोरले भाऊ रुपचंद एका मालवाहू जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकायला होते. ओडिशाच्या किनाऱ्याजवळ जपानी क्रूझरने ते बुडवलं. पाण्यात आबांनी भावाचा हात धरला होता. तो सुटला, आणि रुपचंद बुडाला. गावी परतले तर दारात सतरा वर्षांची वहिनी, भागाबाई, कपाळभर कुंकू लावून उभी. आबांना खरं बोलवेना. जपान्यांनी त्याला उचलून आपल्या जहाजावर नेलं, असं ते सांगून बसले.

तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात पितरांच्या घागरी भरल्या जायच्या, रुपचंदची मात्र नाही. "जित्ता मानूसनी कोनी घागर भरस का?" असं म्हणून भागाबाई सगळ्यांना गप्प करायच्या.

आपल्या एका खोट्यापायी भाऊ सत्तेचाळीस वर्षं तहानलेला राहिला, हे आबांना आतून खात होतं. दीर-भावजय दोघंही थकलेली, मागे घागर भरणारं कोणी नाही. "एकदाव तरी तिन्हा हातनं पानी भेटू दे त्याले. भाऊ, पुस्तक लई चला. मन्हं ती ऐकस नही. छापेल व्हई तं ऐकी."

पुस्तकात तशी जहाजं दोन होती, मिकुमा आणि मोगामी. दोन्ही सारखी, आणि त्या दिवशी तिथे बरोबरच होती. आपलं जहाज कुणी बुडवलं ते आबांना सांगता येईना.

१९८९च्या आखाजीला मी पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेलो. सांजोऱ्या तळून झाल्या होत्या. मी मिकुमाचं पान उघडलं, रुपचंदला नेणारं जहाज हेच असं म्हणालो आणि मराठीत सांगितलं: सहा जून १९४२, मिडवेची लढाई, अमेरिकी विमानांनी बॉम्ब टाकून ते बुडवलं, शेकडो माणसं गेली.

भागाबाईंनी बोटांवर महिने मोजले.

"म्हंजे त्या दोन महिना आखो जगनात!"

नवरा आणखी दोन महिने जगला, एवढ्यावर त्या चक्क हसल्या. मग पदरानं कुंकू पुसलं, कोपऱ्यातली नवी घागर स्वतः उचलून आणली आणि भरली. पाणी ओतताना "दोन महिना, दोन महिना" एवढंच चाललं होतं. आबा भिंतीकडे तोंड करून रडत होते. मलाही आवरलं नाही.

अजून माझा मलाच राग येतो. मिकुमाचं पान आधी उघडलं म्हणून मी तेच वाचलं. पुढचं पान मोगामीचं होतं. ते जहाज ऑक्टोबर १९४४पर्यंत तरंगत होतं. अडीच वर्षं! एक पान उलटायला माझे काय हात मोडले होते?