फाटकमामांचे आवडते गेम

फाटकमामांना चेष्टेवारी नेऊ नका, हे आधीच सांगून ठेवते. साठीला टेकलेला वॉचमन व्हिडिओ गेम खेळतो हे कळल्यावर आमच्या कामगार संघटनेच्या बैठकीत जे फिदीफिदी हसले, त्यांना मी तिथंच झापलं होतं. साहेबानं गोल्फ खेळला तर तो व्यायाम, आणि वॉचमननं हातात कंट्रोलर धरला की पोरकटपणा? हा कुठला न्याय?

मामा औषधांच्या एका गोदामाच्या फाटकावर असतात. चाकांवर सरकणारं जड लोखंडी फाटक. ट्रक आला की उघडायचं, गेला की लावायचं. हे त्यांनी इतकी वर्षं इतकं मन लावून केलंय की लोक त्यांचं खरं नाव विसरले. कुठलंही दार त्यांच्या हातून उघडं म्हणून राहत नाही. संघटनेच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसलेली असोत, उकाड्यानं जीव जात असो, मामा आत आले की दार लागलंच.

"मामा, राहू द्या की उघडं."

"हो हो," म्हणतात, आणि वर कडी घालतात.

गेमचं वेड लेकीनं लावलं. ती दुसऱ्या शहरात दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. बायको गेल्यापासून मामांना तीच, आणि तिला हेच. मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते खाटेला खिळले, तेव्हा तिनं टीव्हीला गेमचा डबा जोडून दिला. "बाबा, भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा याच्याकडे बघा." मामांनी तोंड वाकडं केलं. गुडघा बरा झाला, डबा काही सुटला नाही.

आता कुठल्याही गेमवर मामांचं मत तयार असतं, आणि ते ऐकण्यासारखं असतं. गाड्यांच्या शर्यतीचा गेम त्यांना फार आवडतो. नंबर कायम शेवटचा. "पण ताई, रस्ता काय काढलाय! एका बाजूला समुद्र, एका बाजूला डोंगर. बाकीचे घाईला आलेले पुढे निघून गेले की सगळा रस्ता आपला." उड्या मारत पुढे जायच्या गेमबद्दल म्हणतात, "खड्ड्यात पडलो की लगेच परत उभं करतात. का पडलास, कोणाला विचारून पडलास, काही नाही. आमच्या कंपनीला दाखवायला पाहिजे." मासे पकडायचा गेम त्यांनी नापास केला. गळ टाकला की मासा हजर! इतका आज्ञाधारक मासा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

बंदुकीचा गेमही ते खेळतात, लपवत नाहीत. तो संघ करून खेळायचा असतो. बाकीचे गोळ्या झाडत सुटतात आणि मामा आपल्या तळाच्या दाराशी उभे. सोबत ऑनलाइन खेळणारी पोरं आधी शिव्या द्यायची, "ओ अंकल, हला की जागेवरून!" मामा म्हणाले, "सगळेच पळालात, तर दार कोण बघणार?" दोन-तीनदा शत्रू मागून आला आणि आडवा झाला. तेव्हापासून तीच पोरं यांना आधी बोलावतात.

पण जीव गुंतला होता तो गावाच्या गेममध्ये. त्यात एक लहानसं गाव असतं. मामांचं घर नदीकाठी, लेकीचं टेकडीखाली. मामा सकाळी कामावर जायच्या आधी तिथं जायचे, लेक दवाखाना सुटल्यावर. मामांनी तिच्या भोपळ्यांना पाणी घालायचं, तिनं यांच्या होडीची डागडुजी करायची. गाठ पडायची नाही, पण ती येऊन गेली हे कळायचं.

मग दोघांचं वाजलं. जिना चढताना मामांचा गुडघा पुन्हा बोलायला लागला होता. लेक म्हणाली, नोकरी सोडा, माझ्याकडे राहायला या. मामा म्हणाले, तुझ्या दारात आयतं बसून खायला मी काय मांजर आहे? ती म्हणाली, मग बसा तुमच्या त्या फाटकाला कवटाळून. फोन बंद झाले. बाप मानी, लेक त्याच्यावर ताण. बोलणं नाही, पण गावात दोघंही यायचे. भोपळ्यांना पाणी मिळायचं. होडी दुरुस्त व्हायची.

आणि अचानक लेक यायची थांबली.

मामा खंगल्यासारखे दिसायला लागले. मला वाटलं, सुपरवायझरनं काही त्रास दिला. मी पदर खोचून भांडायला निघाले, तर मामा म्हणाले, "तसं नाही ताई. पोरीनं गाव सोडलं."

"कुठलं गाव?"

"आमचं."

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी त्यांच्या खोलीवर गेले. खाट, शेगडी, टीव्ही आणि लेकीचा शाळेतला फोटो. मामांनी मला दुसरा कंट्रोलर दिला. "तुम्हीच बघा. तिच्या घरात तिनं माझ्यासाठी काही ठेवलंय का. माझी हिंमत होत नाही."

मी पाहुणी म्हणून गावात शिरले. हिरवी टोपी घातलेली एक ठेंगणी बाई म्हणजे मी. दोनदा नदीत पडले, एकदा झाडाला धडकले. "मोर्चा नाहीये ताई, हळू चाला," मामा म्हणाले. शेवटी टेकडीखालच्या घरापाशी पोहोचले. भोवती कुंपण, आणि कुंपणाला एक देखणं फाटक. निळं, वर नक्षी.

"हे मी बसवलं," मामा जरा खुलले. "भांडण मिटावं म्हणून भेट. लाकूड जमवता जमवता दमलो. तिच्या कोंबड्या बाहेर पळायच्या ना."

मी बटण दाबलं. फाटक ढिम्म. पुन्हा दाबलं.

"मामा, हे उघडत नाहीये."

"न उघडायला काय झालं? मला तर उघडतं." त्यांचा माणूस आला, फाटक उघडून आत गेला, आणि सवयीनं कडी घालून मोकळा झाला. मी बाहेर.

"आता मी कशी येऊ?"

मामांच्या आत्ता लक्षात आलं. ज्यानं फाटक बसवलं त्याच्याच हाताला त्याची कडी निघते, हा त्या गेमचा नियम त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. कंट्रोलर त्यांच्या मांडीवर पडला.

"म्हणजे ती आली होती," ते म्हणाले. "आली, आणि तिच्याच घराला बापानं कडी घातलेली बघून परत गेली."

"फोन लावा."

"काढून टाकतो ना फाटक. कळेल तिला."

"मामा! फोन लावता का मी लावू?" अशा वेळी माझा पारा चढतो. मीच लावला आणि त्यांच्या हातात कोंबला.

"बोला," पलीकडून कोरडा आवाज आला.

"जेवलीस?"

"या वेळेला कोण जेवतं, बाबा?"

"ते… फाटक. भेट होती ती. जाताना हात कडीवर गेला. मला ठाऊक नव्हतं तुला उघडत नाही ते."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मला वाटलं, तुम्ही मला बाहेर काढलंत."

"वेडी का खुळी तू! तुझ्याच घरातून तुला?"

"माझे भोपळे वाळले असतील."

"नाही गं, रोज पाणी घालतो. कोंबड्याही ठणठणीत आहेत. लाल तेवढी रुसलीय, दाण्याला तोंड लावत नाही."

"तुमच्यावर गेलीय." आता ती हसत होती की रडत होती, देव जाणे. "गुडघा कसाय? आणि ऐका, या म्हणून मी परत म्हणणार नाही. एकदा म्हणून झालंय."

मामांनी लेकीच्या फोटोकडे पाहिलं. "तू नको म्हणूस. मी येतो. तुझं घर बघायचंय."

"बघितलंय की रोज."

"ते गेममधलं गं. खरं कुठं बघितलंय?"

मी उगाच खिडकीशी जाऊन उभी राहिले. माझ्यासारखीला रडताना कोणी बघू नये.

दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन मी थेट सुपरवायझरच्या टेबलाशी गेले. हा माणूस रजा देताना असा चेहरा करतो, जशी काय स्वतःची किडनी काढून देतोय. त्यानं मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ऑपरेशन सोडलं तर तुम्ही कधी रजा मागत नाही. आज काय झालं?"

"लेकीकडे जायचंय."

"बरं. दोन दिवस देतो."

मी तोंड उघडणार होते. कायद्याची कलमं माझ्या जिभेवर तयार होती. पण मामाच पुढे झाले.

"साहेब, दोन दिवस तर ती नुसती भांडेल," ते म्हणाले. "त्याच्या पुढचेही द्या."