गोंगाटात तपासलेली केबल

निर्मलाताई गेल्याचं मला कॉलेजच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. 'आपल्या संस्थेच्या निवृत्त लॅब असिस्टंट निर्मला मॅडम यांचे हृदयविकाराने दुःखद निधन' एवढाच निरोप, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. मॅडम… नोकरीत असताना त्यांना कोणी मॅडम म्हटल्याचं मला आठवत नाही. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या त्या निर्मलाताई. मी तेव्हा अकोल्यात वर्गावर होतो. पोरांना वाचायला सांगून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. त्याला आता दीड महिना झाला. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो, तर माझी स्वतःची एक गोष्ट आधी सांगावी लागते, आणि ती काही फार अभिमानाची नाही.

पुण्यात शिकून मी बुलढाण्याच्या एका खासगी तंत्रनिकेतनात नेटवर्किंग शिकवायला आलो. निर्मलाताई तिथे कितीतरी वर्षं आधीपासून प्रयोगशाळा सांभाळत होत्या. त्या धामणगाव बढ्याच्या. वडील वांगी-टमाटे पिकवायचे. घरात कोणी आयटीआयचं नाव ऐकलं नव्हतं तेव्हा त्या इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स करून आल्या होत्या. पहिल्याच महिन्यात मी प्रयोगशाळेत शिरलो, तर त्या हातात केबलचा तुकडा घेऊन पोरांना विचारत होत्या, "आतल्या तारा अशा पिळलेल्या काऊन असतात, सांगा बरं?" मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, 'काऊन' नाही, 'का'." पोरं हसली. त्या "बरं सर" म्हणाल्या आणि पुढे सांगू लागल्या, "दोन तारा एकमेकीभोवती पिळल्या का बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडते. मोटरीचा असो, वेल्डिंगचा असो. आपला सिग्नल मात्र एकीतून सुलटा जाते, दुसरीतून उलटा. तिकडच्या टोकाले मशीन फक्त दोघींतला फरक पाहते. सारखं पडलेलं आपोआप उडून जाते, आपलं तेवढं उरते." हेच सांगायला मी फळाभर समीकरणं लिहीत असे… आणि तरी मागच्या बाकावरच्यांना कळत नसे.

पुढच्या वर्षी कॉलेजात ऑनलाइन परीक्षांचं केंद्र आलं. मोठ्या हॉलमध्ये नवीन संगणक लागले, ठेकेदाराच्या माणसांनी केबल टाकली. एका रविवारी ते हातात मावणारं तपासणी यंत्र घेऊन आले. एकेक जोडणी तपासली, प्रत्येक ठिकाणी 'पास' उमटलं आणि मी कागदावर सही केली. दुसरी सही निर्मलाताईंची हवी होती. सोमवारी त्यांनी कागद वाचला, हॉलभर एक चक्कर मारली आणि माझ्याकडे आल्या.

"सर, तुमी सही करून टाकली काय?"

"केली. यंत्र पास म्हणतंय."

"यंत्राले काल इचारलं ना. काल वर्कशॉप बंद होतं."

हॉलच्या भिंतीपलीकडेच आमचं वर्कशॉप होतं. लेथ, वेल्डिंग, सगळं तिथे, आणि त्याला लागून जनरेटर. मला त्यांचं म्हणणं कळलं, पण पटवून घ्यायचं नव्हतं. केलेली सही मागे घेणं कोणाला आवडतं?

मंगळवारी त्या घरचा जुना मिक्सर घेऊन आल्या. झाकणाला लसणाच्या ठेच्याचा वास होता आणि सुरू केला की मोटरीत निळ्या ठिणग्या दिसायच्या. त्यांनी भिंतीवरची एक पेटी उघडून दाखवली. ठेकेदाराच्या माणसाने जोडणी करताना तारांचा पीळ वीतभर उलगडून ठेवला होता, शिवाय वीज आणि नेटवर्क दोन्हींच्या तारा प्लास्टिकच्या एकाच पोकळ पट्टीतून नेल्या होत्या. मग टेबलावर दोन केबली मांडल्या, एक त्या माणसासारखी जोडलेली, एक स्वतः जोडलेली. दोन्हींच्या अंगाला मिक्सरची वायर बांधली, दोन्हींवरून मोठी फाइल पाठवायला लावली आणि मला म्हणाल्या, "आता पडद्याकडं पाहा." मिक्सर घरघरला तसा पहिल्या केबलीवर चुकांचा आकडा चढू लागला. दुसऱ्या केबलीवर शून्य. मिक्सर बंद केला, आकडा थांबला. त्यांनी तीनदा तसं करून दाखवलं. मी तरी कबूल होईना, तेव्हा त्यांनी वर्कशॉपमध्ये जाऊन लेथ आणि वेल्डिंग सुरू करायला सांगितलं. हॉलमधल्या मागच्या रांगेतले संगणक एकामागून एक नेटवर्कपासून तुटले. मी तिथल्याच एका खुर्चीवर बसलो.

परीक्षा आठ दिवसांवर होती. प्राचार्यांनी ठेकेदाराला आणि आम्हा दोघांना बोलावलं. ठेकेदार शांत माणूस. तो म्हणाला, "बाई, परीक्षेच्या दिवशी वर्कशॉप बंद ठेवा. प्रश्न मिटला."

"वर्कशॉप बंद ठेवसान," ताई म्हणाल्या. "लाइट गेली तर जनरेटरही बंद ठेवसान काय?"

प्राचार्य जरा चिडून म्हणाले, "निर्मलाताई, सरांची सही झालेली आहे. तुमचीच अडलीय."

त्या उभ्याच होत्या. आवाज चढला नाही, पण हातातलं पदराचं टोक त्यांनी घट्ट धरलं होतं. "साहेब, पोरं साखरखेर्ड्याहून, कुठून कुठून सकाळची एसटी धरून येतीन. एखाद्याचा पेपर अर्ध्यात अडकला तर त्याले मी काय सांगू? यंत्र पास म्हणे?… माह्याच्यानं सही नाही होणार."

मी टेबलावरचा कागद ओढला आणि माझ्या सहीवर आडवी रेघ मारली. हे धाडस वगैरे नव्हतं. ताई शेजारी नसत्या तर माझा हात उचललाच गेला नसता. नंतर मला संस्थेचं एक कडक पत्र आलं, ते मी मुकाट्याने वाचलं.

ठेकेदाराला काम पुन्हा करावं लागलं. वीज एका पट्टीतून, नेटवर्क दुसऱ्या पट्टीतून, आणि प्रत्येक पेटी उघडून नवी जोडणी. पाच दिवस ताई लेथ सुरू ठेवून एकेक जोडणी तपासत होत्या. मी पाठीमागून नंबर लिहून घेत होतो. खरं म्हणजे माझा विषय मी त्या पाच दिवसांत शिकलो.

परीक्षेच्या दिवशी पेपर निम्मा झाला असेल आणि दिवे गेले. संगणक क्षणभर बॅटरीवर चालले, मग पलीकडे जनरेटर धडधडत सुरू झाला. माझे डोळे मागच्या रांगेवर. एकही हात वर झाला नाही, एकाही पोराने मान उचलली नाही. दारात ताई उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पदर नीट केला आणि पाण्याचा जार बदलायला निघून गेल्या.

त्या संध्याकाळी चहा पिताना मी म्हणालो, "ताई, ते 'काऊन'चं… मी चुकलो होतो." त्या हसल्या. "तुमाले तं मी तवाच सोडून देल्लं, सर. पण पोरं महिनाभर मले 'का, का' करून चिडवत होते, ते नाही सोडलं."

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या यजमानांना भेटलो. परतीच्या बसला वेळ होता म्हणून कॉलेजात डोकावलो. प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक चालू होतं. एक मुलगी केबलचं टोक टेबलाच्या कडेला लावून बघत होती. कडेच्या लाकडात चाकूने कोरलेली एक बारीक रेघ होती, कडेपासून जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर. त्या टेबलाशी मी सहा वर्षं शिकवलं, ती रेघ माझ्या नजरेला कधी पडली नव्हती. मुलीच्या केबलीचा पीळ रेघेच्या पुढे उलगडलेला निघाला. तिने टोक कापून टाकलं आणि पुन्हा सोलायला घेतलं.

मी विचारलं, "ही रेघ कोणी मारली?"

"ताईची रेघ म्हणतात, सर. एवढाच पीळ उलगडायचा, जास्त नाही."

"कोण ताई?"

"मले नाही माहीत," तारा सरळ करता करता ती म्हणाली. "पण रेघ बराबर आहे."