जादाचे दोन पाटे

"वन्सं, तुमचा भाऊ गेला," वहिनीचा फोन सकाळी आला तो एवढं सांगण्यापुरता. तुमचा भाऊ. आपला नवरा गेला असं ती म्हणाली नाही. मी मंचरला माझ्या शिलाईच्या दुकानात होते. हातातलं कापड तसंच मशिनवर ठेवलं आणि खोडदची वाट धरली. वाटेत मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आमचा नाना मायेचा माणूस नव्हता, आणि तो गेल्यावर मायाळू होता असं लिहिलं तर तोच वरून शिव्या घालील.

नाना बाजारात टोमॅटो पोचवायचा. जुनी पिकअप होती, दुसऱ्याकडून घेतलेली. क्रेट रचून रचून तिचे मागचे, वजन पेलणारे कमानपाटे पार बसले, टायर हौद्याला घासायला लागले. नवे पाटे घ्यायला नाना तयार नव्हता. "आताचं लोखंड म्हंजी कागुद," म्हणायचा. मग तो नारायणगाव, आळेफाटा, मंचर अशी भंगारची दुकानं धुंडाळत फिरला. मंचरला आला की माझ्याकडे जेवायला यायचा आणि हातानं दाखवायचा, पाटा कसा टांगायचा, हातोडीनं कसा ठोकायचा. खणखणला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत चीर आहे म्हणून फेकायचा. एका मोडीत निघालेल्या ट्रकचे जाड पाटे त्याला मिळाले तेव्हा पोर झाल्यासारखा हसला होता. तेवढं हसू मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

ते पाटे घेऊन तो वारूळवाडीला युनूसभाईंच्या भट्टीवर गेला. मी त्या दिवशी सोबत होते. युनूसभाईंच्या घराण्याचा लोहारकीचा धंदा जुन्नरचा, ते स्वतः पाट्यांच्या कामात मुरलेले. त्यांनी पाटे मापाला कापले, लाल करून त्यांना पुन्हा बाक दिला, तेलात विझवले. गाडीखाली चढवायच्या वेळी मात्र थांबले. "नाना, दोन पाटे जादा व्हत्यात. भरलेली गाडी झकास चालंल, पन रिकामी लई आदळंल. मागं बसनाऱ्याची हाडं मोडतील."

"मानसं बसवाया न्हाई घेतली," नाना म्हणाला. "माल बसवाया घेतली. चढव."

मागं बसायची ती वहिनी. हिराबाई तिचं नाव. ती बाजारात क्रेट उतरवायला जायची आणि परतताना रिकाम्या क्रेटवर बसून यायची, कारण केबिनमधली जागा कुठल्या तरी पाव्हण्यासाठी असायची. पाठ धरली म्हणाली की नाना सगळ्यांसमोर विचारायचा, "बाई हायेस का अंडं?" लोक हसायचे. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. चौथ्या महिन्यात, बाजारातून परतताना, येडगावच्या पुढं तिचं पोट दुखायला लागलं. तिनं केबिनची काच ठोकली. नानानं गाडी थांबवली नाही. घरी पोचेपर्यंत लुगडं भिजलं होतं. गाडीमुळंच झालं असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. वहिनीनं ते ऐकून घेतलं. नाना म्हणाला, "बाया आठव्या म्हयन्यात रानात खुरपत्यात. हिचंच आंग काचेचं." त्यानंतर तिला मूल झालं नाही, आणि त्या दिवसाबद्दल ती कधी बोललीही नाही.

यंदा नानाच्या मणक्यात कॅन्सर निघाला. मी महिनाभर खोडदला राहायला गेले होते. एका दुपारी तो कॉटवरून उठायला गेला, पाठीत काहीतरी कटकन मोडलं आणि पाय गार पडले. रुग्णवाहिका दुसरीकडं गेली होती, कधी येईल सांगता येत नव्हतं. शेजारच्या गणपतनं नानाचीच पिकअप काढली. हौद्यात गादी टाकून आम्ही नानाला वर घेतलं. गाडी रिकामी...

त्या रस्त्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. खड्डा आला की सगळा दणका सरळ त्याच्या मणक्यात जायचा. माझा भाऊ जनावरासारखा ओरडत होता. वहिनीनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. एका दणक्यानंतर तो धापा टाकत पडला, तेव्हा ती वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "कळलं आता?"

नानानं डोळे उघडले. "कळलं," म्हणाला. मग पुढचा खड्डा यायच्या आत घाईनं म्हणाला, "हात काढू नगं, हिरा."

वहिनीनं हात काढले. त्याचं डोकं गादीवर ठेवलं आणि ती सरकून हौद्याच्या कोपऱ्यात बसली. मी माझे हात पुढं केले. त्याला ते कळलं. डोकं हलवून तो तिचे हात शोधत राहिला.

वारूळवाडीला गणपतनं भट्टीसमोर गाडी उभी केली. युनूसभाई आवाज ऐकूनच बाहेर आले होते. काही न विचारता त्यांनी मोडके पाटे, ॲक्सल, जड लोखंडाचे तुकडे उचलून नानाच्या दोन्ही बाजूंना रचायला सुरुवात केली. गणपतही लागला. वजनानं गाडी खाली बसली. "आता आदळनार न्हाई," युनूसभाई म्हणाले, आणि रडत रडत स्वतःच हौद्यात चढले. भंगाराच्या मधोमध निजून नाना मंचरच्या दवाखान्यात पोचला. तिथून त्याला घरी पाठवलं, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटपर्यंत वहिनीनं त्याचं सगळं केलं. पुसणं, कूस बदलणं, भरवणं. कशात कमी नाही. फक्त बोलली नाही. तोही काही मागायचा नाही, नुसता तिच्या हातांकडं बघायचा.

दहावा झाल्यावर युनूसभाई जादाचे पाटे काढून द्यायला आले. वहिनीनं त्यांना पाणी दिलं आणि गाडीच घेऊन जायला सांगितलं.

परवा मी खोडदला गेले. वहिनी ओट्याशी मेथी निवडत होती. वळणावर कुठल्याशा पिकअपचा हॉर्न वाजला, एकटा परतताना नाना वाजवायचा तसा, आणि ती उठली. गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं, त्यात मूठभर साखर टाकली. गाडी दारावरून पुढं निघून गेली. पाणी उकळेपर्यंत वहिनी तशीच उभी होती.

"वहिनी, बंद करू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्येला दारात आल्याआल्या लागायचा."

तिनं दोन कप भरले, एक मला दिला. एवढा गोड चहा तिला कधीच आवडत नव्हता. घोटाघोटाला तिचं तोंड वाकडं होत होतं, तरी तिनं तो संपवला, कप विसळला आणि फळीवर पालथा घातला.