भुताचं काम

आमच्या हौशी नाट्यसंस्थेत भुताचं काम कायम माझ्याकडे. उंची, आत गेलेले गाल आणि पाठांतराची बोंब, एवढी पात्रता पुरते. या वेळची शोकांतिका जुनी, दरबारी. मेलेला राजा मध्यरात्री येऊन राजपुत्राला बजावतो, 'तह करू नकोस.' पोरगा ऐकतो आणि शेवटच्या अंकापर्यंत सगळं घराणं धुळीला मिळतं.

शनिवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या हॉलमध्ये दिग्दर्शक म्हणाला, "आजचा प्रेक्षक भूत मानत नाही. नुसता रेकॉर्ड केलेला आवाज सोडू."

म्हटलं, "पुण्यातला प्रेक्षक दिग्दर्शकही मानत नाही. तरी तू असतोसच ना?"

तालमी चालू असतानाच आमच्या राजपुत्राचे, म्हणजे ते काम करणाऱ्या मुलाचे, वडील गेले. मुलगा तिशीतला, कंपनीत नोकरी करून नाटक करणारा. वडिलांनी त्याचा एकही प्रयोग पाहिला नव्हता. 'तोंडाला रंग फासायला जन्माला आलास का?' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दहाव्याला आम्ही सगळे घाटावर गेलो. पिंड मांडले, शेजारी त्यांची आवडती कांदाभजी ठेवली. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, पण एक खाली येईल तर शपथ. आपल्याकडे याचा अर्थ एकच, गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली. मग अंदाज सुरू झाले. चुलते हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनीला अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. "पोरीचं लग्न थाटात करू." तरी ढिम्म. शेवटी ते मुलाकडे वळले. "अरे, कळत कसं नाही तुला? नाटक सोडतो म्हण. लगेच शिवेल बघ."

आमच्या दिग्दर्शकाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. त्याला तिथेही प्रयोगाची काळजी! मुलाने तोंड उघडलं आणि मिटलं. ते वाक्य काही त्याच्या तोंडून निघेना. बऱ्याच वेळाने गुरुजींनी घड्याळ पाहिलं, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि प्रश्न मिटवला. मुलगा रडलासुद्धा नाही.

पुढे तालमीला आला तेव्हा चहा पिताना मला म्हणाला, "काका, नाटकातला राजपुत्र नशीबवान. त्याचा बाप येऊन स्पष्ट सांगतो तरी. बाबांचं काय राहिलं होतं, हे मला कधीच कळणार नाही. हा प्रयोग झाला की सोडतो नाटक. उगाच त्यांचा जीव अडकायला नको."

मला संताप आला. म्हटलं, "त्या दिवशी कावळे शेजारच्या पिंडालाही शिवले नव्हते. तेही नटाचेच वडील होते की काय?"

तो हसला नाही. दिग्दर्शकाला मात्र त्याने सांगून टाकलं, रेकॉर्ड केलेला आवाज नको, काकाच येऊ देत.

प्रयोगात मी पांढरा रंग लावून आलो, 'तह करू नकोस' म्हणालो आणि थांबलो. आता गुडघ्यावर बसलेल्या राजपुत्राने 'आज्ञा' म्हणायचं आणि मी जायचं. तो बोलेचना. मग प्रेक्षकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "बाबा, सोडू का?"

त्याच्या वडिलांना मी एकदाच भेटलो होतो, आणि तेव्हा ते 'चपला बाहेर' एवढंच बोलले होते. त्यांच्या वतीने उत्तर द्यायचा मला काय अधिकार? दर्भाच्या कावळ्याला होता, तेवढाच.

मी मान हलवली. नको.

तो क्षणभर बघत राहिला. मग खणखणीत आवाजात 'आज्ञा' म्हणाला आणि अंक पुढे सरकला.

प्रयोगानंतर रंगपटात दिग्दर्शक माझ्यावर उखडला. "भूत मान हलवतं असं कुठे लिहिलंय हो? काही विचार कराल की नाही?" त्याचं बरोबरच होतं.

तो गेल्यावर मी आरशासमोर बसून रंग पुसायला कापसाचा बोळा तेलात बुडवला. राजपुत्र शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला आणि घाटावर कोरडा राहिलेला तो पोरगा हमसाहमशी रडायला लागला. मी बोळा गालाला लावणार, तेवढ्यात त्याने माझा हात धरला.

"एवढ्यात पुसू नका ना, काका."