बारा डिसेंबरचा लेख

संशोधन-नियतकालिकाच्या कचेरीत त्याला सगळे 'कॅलेंडर' म्हणत. प्रत्येक लेखाची माहिती भरून ती लेखांची नोंद ठेवणाऱ्या देशोदेशीच्या सूचींकडे पाठवायची, हे त्याचं काम. तारखेचे रकाने दोन: लेख संकेतस्थळावर कधी आला आणि अंक कधीचा. अंक निघाला की कॅलेंडर दोन्हीकडे अंकाचीच तारीख टाकी. अंकावर नुसता महिना असला, तर पदरची 'एक' तारीख जोडून मोकळा होई. एका लेखाला दोन तारखा म्हणजे त्याला दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला वाटत.

सोमवारी एका प्राध्यापिकेचा फोन आला. तिचा लेख बारा डिसेंबरलाच वाचायला मिळत होता. सूचीत मात्र एक जानेवारी. बढतीच्या समितीने एकतीस डिसेंबरपर्यंतचेच लेख धरले, म्हणून तिचं नाव गळलं. हरकत घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत. त्याने जुनी नोंद उघडली. बारा तारीख पुसणारा हात त्याचाच होता. आणि तोंडातून निघून गेलं, "मॅडम, ते यंत्रच आपोआप घेतं."

चूक एक वेळ पचली असती. हे खोटं पचेना. संपादक म्हणाले, दुरुस्त कर आणि गप्प बस, झाकली मूठ बरी. पण आज बदललेली तारीख पाहून, बाईंनीच वशिल्याने फिरवून घेतली, असं कुणीही म्हटलं असतं.

घरी तो देवापुढे हात जोडून, झालेलं बोलून दाखवत बसला की उठेच ना. दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, "देवाला किती वेळा सांगाल? त्याला पहिल्याच वेळी कळलंय. जिच्याशी खोटं बोललात, तिला सांगा."

बुधवारी त्याने नोंद दुरुस्त केली आणि समितीला दाखवायला पत्र लिहिलं: तारीख कुणी पुसली, कधी, कशी. खाली स्वतःची सही. हा आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय, असं पुटपुटत संपादकांनी शिक्का दिला. मग त्याने फोन लावला.

"मॅडम, यंत्र नव्हतं ते. मी होतो. तसं सहीचं पत्र तयार आहे."

बाई म्हणाल्या, "पत्र आत्ता पाठवा. तुमच्याशी काय बोलायचं, ते नंतर बघेन."

पत्र गेलं. त्याला वाटलं होतं, छातीवरचं ओझं उतरेल. पण त्या अंकात आणखी दहा लेख होते, त्यानेच तसेच एक जानेवारीचे केलेले. त्याने लेखकांची यादी समोर ओढली आणि पहिला नंबर फिरवला.