तिसरं चाक

बाजारात मडकं वाजवून घेणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. कानवाले बाबा चहाची बशीही वाजवून घेत. भोपळा, दाराची फळी, पाण्याची बादली, जे हाताशी येईल त्यावर मधल्या बोटाचं पेर एकदा आपटायचं आणि मान डावीकडे कलवायची. कुणी मध्येच बोललं तर म्हणत, "पहिलं आयका, मंग बोला."

गोंदियाच्या यार्डात तीस वर्षं त्यांचं हेच काम होतं. लांब दांड्याची हातोडी घेऊन उभ्या गाडीच्या कडेने चालायचं आणि प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा. खणखणीत वाजलं तर चाक धड. बद्द वाजलं तर कुठेतरी तडा. 'कानवाले बाबा' हे नाव त्यांना यार्डातल्या हिंदी बोलणाऱ्या खलाशांनी, म्हणजे रेल्वेच्या मजुरांनी, दिलं होतं. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. स्टेशनात रोजची फेरी असे.

विदर्भ मुंबई राज्यात जाऊन वर्ष झालं होतं. छोट्या लाइनीवरचं, म्हणजे अरुंद रुळांवरचं, सर्वात जुनं इंजिन भंगारात निघालं, आणि ते तोडू नये म्हणून तिघेजण खटपटीला लागले. एक बाबा, नुकतेच निवृत्त झालेले. दुसरे चित्रकलेचे मास्तर. त्यांनी दोन वर्षं अर्ज लिहिले. तिसरा सौंदडचा, कोहळी समाजातला शेतकरी. त्याच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला होता. त्याच तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, रुळाला लागून, त्याने इंजिनासाठी जागा दिली.

बाबा दर रविवारी डबाभर तेल आणि चिंध्या घेऊन इंजिनाजवळ बसत. शेडमधले हसत. "बाबा, मुर्दे को तेल काहे लगाते हो?"

"तू भंगारात निघशील, तवा इचारजो," ते म्हणत. "हिनं माह्या बापाले कामावर नेलं, मले नेलं. तिले असं काऊन टाकू?"

अखेर परवानगी आली, ती एका दिवसाची. शनिवारी सकाळच्या गाडीला जोडून इंजिन सौंदडला न्यायचं. शनिवारी गेलं नाही, तर सोमवारी ठेकेदार गॅसने कापायला सुरुवात करणार.

शनिवारी जुनं इंजिन गाडीच्या इंजिनामागे, डब्यांच्या पुढे जोडलं गेलं. ड्यूटीवरच्या माणसाने चाकं ठोकून 'ठीक' असं लिहून दिलं. फक्त सही राहिलेला कागद शेडच्या साहेबांच्या हातात होता. मास्तरांनी धुतलेला कोट घातला होता.

बाबांनी सवयीने ड्यूटीवाल्याची हातोडी मागून घेतली आणि निघाले. पहिलं चाक. दुसरं. तिसऱ्यावर दोन ठोके पडले. पुढची सगळी करून ते परत तिसऱ्यापाशी आले. आणखी एक ठोका. मला काहीच फरक कळला नाही. मास्तरांनाही नाही.

"काय झालं?" मास्तर म्हणाले.

"रॉकेलची चिंधी आना. आन् तुमच्या खिशातला खडू द्या."

त्यांनी चाक रॉकेलने पुसलं, कोरडं केलं, वर खडू घासला आणि उकिडवे बसून राहिले. आम्ही पांढऱ्या पट्ट्याकडे पाहत होतो. हळूहळू त्यात केसासारखी काळी रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

साहेब लांबून म्हणाले, "बाबा, मेरे आदमी ने तो पास कर दिया है. साइन करूँ?"

मास्तर खाली वाकले. "तिकडे गाव हार घेऊन उभं आहे. एकदाच जायचं आहे हो तिला. सोसेल तेवढं."

"सोसल बी," बाबा म्हणाले. "मागच्या डब्यात कोन कोन बसून राहिलं, पाहून या."

मास्तर गेले नाहीत. मी जाऊन पाहिलं. पहिल्या डब्यात बाजाराच्या टोपल्या घेतलेल्या बाया होत्या. एकजण मांडीवरच्या लेकराला मुरमुरे भरवत होती.

बाबा उठले. एक हात इंजिनावर होता. "साहेब, सही नोका करू."

इंजिन सोडवायला वीस मिनिटं लागली. गाडी गेली. या जातीचं दुसरं चाक कुठल्याच शेडमध्ये नव्हतं. मास्तर म्हणाले, "दोन वर्षं, बाबा. आणि तुम्ही एका ठोक्यात..." आणि कोटाची बटणं सोडत ते निघून गेले. त्यानंतर रस्त्यात भेटले तरी ते बाबांशी बोलत नसत.

माझ्या बातमीत 'तांत्रिक अडचण' असे दोन शब्द आले. ते अपुरे होते.

सोमवारी कापाकापी सुरू झाली. आठवण म्हणून एक वस्तू न्या, असं ठेकेदार म्हणाला. मास्तरांना शिटी हवी होती. शेतकऱ्याने बाबांना विचारलं.

"तिसरं चाक," बाबा म्हणाले.

"फुटकं? कायले जी?"

"तेच खरं बोललं."

बैलबंडीवर घालून ते सौंदडला नेलं आणि तलावाच्या पाळीवर चौथऱ्यात उभं केलं. बाबा महिन्या-दोन महिन्यांनी जात, एक ठोका देत, मान कलवत आणि परतीची गाडी धरत. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले.

तेरावं झाल्यावर मी सौंदडला गेलो. चौथऱ्यापाशी मास्तर उकिडवे बसले होते. शेजारी रॉकेलची चिंधी पडली होती, आणि ते चाकावर खडू घासत होते. मी काही विचारणार, तेवढ्यात त्यांनी 'थांबा' म्हणून हात वर केला. आम्ही दोघे पांढऱ्या पट्ट्याकडे पाहत थांबलो. रेघ यायला बराच वेळ लागला.