दरीच्या कडेला उभी राहिलेली बाई

घाटातल्या अरुंद रस्त्यावर पुढे दरड कोसळलेली दिसली आणि गाडी वळवण्यावाचून इलाज उरला नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा नसलेली दरी. आईला मी आधी उतरवलं. मग स्टिअरिंग धरून गाडी इंचाइंचाने वळवायला लागले.

तेवढ्यात मागून गवताचा भारा घेऊन एक बाई आली. आमची अडचण पाहून तिने भारा खाली टाकला आणि सरळ दरीच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"माझ्याकडं बघा ताई, दुसरीकडं बघू नका. या... अजून या... बास! आता मागं घ्या."

थोडं पुढे, थोडं मागे, असं करत गाडी वळली. मग माझ्या लक्षात आलं, एवढा वेळ ती माझ्या ब्रेकच्या भरवशावर उभी होती. मदत करणाऱ्याचे शब्द आपण ऐकतो. तो स्वतः कुठे उभा आहे, हे बघायचं राहूनच जातं.

आईने तिचे दोन्ही हात धरले. "अगं, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की! म्हणून तर एवढी ओरडत होते."

आणि आम्ही तिघी रस्त्यातच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.